चंद्राची माती आम्ही धुतली

बहरीनची माती खारट आहे. समुद्रात भराव घालून केलेली जमीन असो की सबखा, म्हणजे वरून कडक आणि खालून ओलसर असलेली इथली मिठाची सपाट जमीन असो, मूठभर उचलली तरी तिच्यातून मीठ निघतंच. मीठ तसंच राहिलं तर चाळताना कण एकमेकांना धरून बसतात आणि बारीक माती जाड असल्याचं सोंग आणते. म्हणून मआमीरच्या आमच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये माती आली की ती आधी भिजवायची, सगळ्यात बारीक चाळणीवर घेऊन नळाखाली पाणी नितळ होईपर्यंत धुवायची, ओव्हनमध्ये वाळवायची आणि मग पुढचं काय ते करायचं. चाळणीतून जे खाली जाईल त्याचं वजन वजाबाकीनं काढायचं. तो गाळ सिंकमधून जातो आणि त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

मी या लॅबची प्रमुख. मूळची कराडची, पुण्यात भूगर्भशास्त्र शिकले, नवऱ्याला सीफमधल्या एका बँकेत नोकरी लागली म्हणून इथे आले. हूऱ्यातल्या आमच्या इमारतीत कुणी विचारलं तर मी माती तपासते असं सांगते. समोरची बाई "अच्छा" म्हणते आणि शाळेच्या बसचा विषय काढते. मला त्याचा राग येतो. इथे जे काही उंच उभं आहे त्याच्या खालची माती कुणाच्या तरी ट्रेमधून गेलेली असते. पण लोकांना टॉवर दिसतो, ट्रे दिसत नाही, आणि मी काही गळ्यात पाटी अडकवून फिरणार नाही.

आमच्याकडे धुण्याचं खातं काकांचं. काका मालवणकडचे, साठीला टेकलेले, अंगानं काटकुळे आणि आवाजानं दणदणीत. लॅबमध्ये ते माझ्या आधीपासून आहेत आणि ही गोष्ट ते मला विसरू देत नाहीत. मी त्यांना काका म्हणते. ते मला मॅडम म्हणतात आणि भांडण झालं की ताई म्हणतात. तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा तरी मी ताई असते.

काकांची एक खोड मला मुळीच सहन होत नाही. ते माती चाखतात. पोतं उघडलं की चिमूट घेतात, बोटांत चोळतात आणि बोट जिभेला लावतात. मग मान हलवून "भरपूर खारी" किंवा "बरी आहे" असा निकाल देतात. आमच्या आजूबाजूला रिफायनरी आहे, कारखाने आहेत, कुठल्या मातीत काय मुरलंय ते देव जाणे. मी ओरडले, समजावलं, भिंतीवर सूचना लावली. सूचनेवर त्यांनी चाळण्यांचा ब्रश अडकवायला खिळा ठोकला.

"जीभ लगेच सांगते, मॅडम," ते म्हणायचे. "तुमचं मशीन दुपारपर्यंत गरमच व्हतं."

त्या उन्हाळ्यात काकांच्या व्हिसाच्या रिन्यूअलची वेळ आली होती. दर वेळी ती येते आणि जाते, पण या वेळी आमचे मॅनेजर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले होते, की या वयाच्या माणसाला ठेवायचं तर कंपनीला कारण द्यावं लागतं. काढायला कारण लागत नाही. एखादी वॉर्निंग जरी फाइलला लागली तरी मी काही करू शकणार नाही, असंही म्हणाले. मी हे काकांच्या कानावर घातलं. ते चाळणी उन्हाकडे धरून तिची जाळी बघत होते. त्यांनी चाळणी खाली ठेवली आणि नुकतीच घासलेली दुसरी पुन्हा घासायला घेतली. त्यांची नोकरी टिकली पाहिजे हे मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

त्याच महिन्यात ती मुलगी आली. इथलीच, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, काळ्या पायघोळ अबायाखाली धुळीनं माखलेले स्पोर्ट्स शूज. दोन्ही हातांनी छातीशी एक पिशवी धरली होती. पिशवीत आणखी एक पिशवी, तिच्यात आणखी एक, आणि सगळ्यात आत करड्या रंगाची भुकटी. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही चंद्राची माती आहे. म्हणजे खरी नाही. पण खरी असल्यासारखी वागली पाहिजे."

मग तिनं समजावून सांगितलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत बसले. चंद्रावरून आणलेली खरी माती कोरड्या वायूनं भरलेल्या पेट्यांमध्ये ठेवतात. तपासणारे लोक पेटीला लावलेल्या हातमोज्यांत हात घालून तिला हाताळतात, म्हणजे हवेतला ओलावासुद्धा तिला लागत नाही. चिमटी-चिमटीनं ती जगभर तपासून झाली आहे. तिच्यात कुठले कण किती, किती बारीक, दाबल्यावर आणि सरकवल्यावर ती कशी वागते, हे सगळं माहीत आहे. पण तिच्यावर गाडीची चाकं फिरवून बघण्याइतकी ती कुणालाच मिळत नाही. म्हणून तशीच माती पृथ्वीवर तयार करतात आणि खरीच्या आकड्यांशी ताडून बघतात. या मुलीनं ओमानच्या डोंगरातला दगड आणून फोडला होता, त्यातला काही भाग युनिव्हर्सिटीच्या भट्टीत वितळवून त्याची काच केली होती, ती पुन्हा फोडली होती आणि हे सगळं ठरलेल्या प्रमाणात मिसळलं होतं. वर्ष गेलं होतं त्यात. परदेशातली एक टीम चंद्रावर चालवायच्या छोट्या गाडीचं चाक बनवत होती. हिची माती खऱ्या मातीच्या जवळपास वागते असा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट मिळाला तर ते तिला टीममध्ये घेणार होते.

"एकच गोष्ट," ती म्हणाली. "पाणी नको. चंद्रावर पाणी नाही, वारा नाही. तिथला कण फुटला की तसाच राहतो, त्याची धार कुणी घासत नाही. आणि अगदी बारीक धूळ आहे ना, तीच सगळ्यात महत्त्वाची."

तिनं फोनवर खऱ्या कणांचे फोटो दाखवले. कुठे फुटकी काच, कुठे वितळून एकमेकांना चिकटलेले गोळे. इथली वाळू मी रोज मायक्रोस्कोपखाली बघते. वाऱ्यानं आणि पाण्यानं घासून ती शेंगदाण्यासारखी गुळगुळीत झालेली असते. हे कण मात्र सगळीकडून टोचणारे होते. मला आनंद झाला, अगदी कॉलेजातल्यासारखा. रात्री घरी जेवताना माझ्या मुलीला सांगितलं तर ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "सो यू आर फेकिंग द मून?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी तिला म्हटलं, नाही, चंद्र खराच आहे, आम्ही फक्त त्याची माती उसनी करतोय. तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही.

काकांना मी स्वतः सांगितलं. त्यांच्यासमोर उभी राहून, एकदा नाही, दोनदा. ही माती धुवायची नाही. कोरडीच चाळायची. पाणी लावायचं नाही.

"व्हय, व्हय," काका म्हणाले. "चंद्रावरची हाय. समजला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका साइटवर जावं लागलं. परत आले तेव्हा ओव्हन चालू होता आणि आत ट्रेमध्ये धुतलेल्या काळ्या तिळांसारखे स्वच्छ, सुटे, चकचकीत कण वाळत होते. मी ट्रे ओढला. हाताला चटका बसला तोही नंतर कळला.

"काका, बाकीची कुठाय?"

"बाकीची कुठली? गाळ व्हता, गेला. अर्ध्याच्या वर गाळच निघाला की. कसली माती बनवली पोरीनं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, बरंच बोलले आणि मोठ्यानं बोलले. शेजारच्या काँक्रीटच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. सिंकखालच्या टाकीत गाळ साठतो खरा, पण त्यात कित्येक दिवसांचा सगळ्या बहरीनचा चिखल होता. त्यातून तिची धूळ वेगळी काढायची म्हणजे समुद्रात पडलेलं मीठ वेचण्यासारखं होतं.

"मी तुम्हाला सांगितलं नव्हतं? दोनदा?"

"सांगितलं व्हतं, ताई," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "पण चाखली. खारट लागली. मीठ असलेली माती न धुता चाळली तर आकडे चुकतात. उद्या पोरीचा रिपोर्ट चुकला असता तर तुम्हीच मला बोलला असता."

म्हणजे माणसानं चंद्राची माती तोंडात घातली होती आणि वर तिच्यात दोष काढला होता. आणि हे सगळं रिपोर्ट बरोबर यावा म्हणून. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही, केबिनमध्ये जाऊन दार लावून बसले.

मॅनेजरांना कळायला अर्धा तासही लागला नाही. ते शांतपणे म्हणाले, की यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? जे उरलं आहे ते टेस्ट करा आणि नमुना आला तसा तपासला असं लिहून रिपोर्ट द्या. विद्यार्थिनी आहे, तिला काय कळणार. मी नाही म्हटलं. तसा रिपोर्ट पाहून तिकडची टीम म्हणाली असती, ही माती चंद्रासारखी मुळीच नाही, आणि मुलीला वाटलं असतं आपलंच वर्ष वाया गेलं. मॅनेजर म्हणाले, ठीक आहे, मग खरं लिहा. पण खरं लिहायचं तर चूक कुणाची ते लिहावं लागेल, आणि चूक ज्याची त्याला वॉर्निंग द्यावी लागेल. वॉर्निंग म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

इकडे आड तिकडे विहीर. मुलीशी खोटं बोलावं तर तिचं नुकसान, खरं बोलावं तर काकांचं. मी माझ्या परीनं एक मधली वाट काढली. मुलीला मीच सांगायचं, लॅबकडून चूक झाली, लॅब जबाबदार आहे, आणि नाव कुणाचंच घ्यायचं नाही. मी फोन केला आणि तिला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. काकांना बजावलं, ती येईल तेव्हा ओव्हनच्या खोलीत बसून राहा, बाहेर पाऊल टाकू नका. या वेळी त्यांनी "व्हय, व्हय" म्हटलं नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती आली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिनं घेतला नाही. मी सांगितलं, आमच्या लॅबमध्ये तुझा नमुना धुतला गेला. तिचे डोळे भरून आले नाहीत, ते आले असते तर मला सोपं गेलं असतं.

"कुणी धुतला?" तिनं विचारलं.

मी "लॅबनं" असं म्हणणार तेवढ्यात दार उघडून काका आत आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अना सव्वी वॉश," ते तिला म्हणाले. अरब माणसाशी बोलायची आमच्या लोकांची एक तुटकी भाषा आहे, तीत. मी धुतली. "मॅडम बोलली वॉश मफी. अना सव्वी." मॅडमनी धुवू नका सांगितलं होतं, तरी मी धुतली. मग त्यांनी बोट जिभेला लावून दाखवलं आणि म्हणाले, "मालेह." खारट.

ती गोंधळली. "तुम्ही ती खाल्लीत, अंकल?"

"थोडी," काका म्हणाले.

तिला राग आला होता, पण शेवटी ती इंजिनिअर होती आणि खारट हा शब्द तिला खटकला. तिच्या दगडात मीठ असायचं काही कारणच नव्हतं. ती म्हणाली, माझ्या मातीत मीठ आहे की नाही ते मला आत्ताच्या आत्ता बघायचंय. पिशवीच्या घडीत चिमूटभर न धुतलेली भुकटी उरली होती. आम्ही तिघंही आतल्या खोलीत गेलो. मी ती शुद्ध पाण्यात घातली, ढवळून गाळली आणि त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. पाणी जसंच्या तसं नितळ राहिलं.

"बघा," मी काकांना म्हटलं. रात्रभराचा राग माझ्या अंगात होता आणि त्या मुलीसमोर त्यांनी माझा सगळा बेत उधळला होता. "मीठ नाही. मुळीच नाही. आता बोट बुडवा यात. बुडवा."

मी दुसऱ्या ग्लासात शुद्ध पाणी ओतून त्यांच्यापुढे सरकवलं. काकांनी बोट बुडवलं. ते नुकतेच बाहेरून पोती उतरवून आले होते, मानेवरून घाम निथळत होता. मी त्या पाण्यात थेंब टाकले आणि ते पाणी पांढरं झालं. दुधासारखं.

मला त्यांना खाली पाहायला लावायचं होतं, आणि आता तो ग्लास समोर दिसल्यावर मीच खाली पाहत होते. मातीत मीठ नव्हतं, त्या माणसाच्या बोटात होतं. इतकी वर्षं इथल्या उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या बोटाला दुसरी कसली चव असणार?

काका ग्लासाकडे बघत राहिले. "म्हणजे मी माझाच घाम चाखला," ते मराठीत म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला त्याचा अर्थ सांगितला.

तिनं तो पांढरा ग्लास उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, तिच्या घरी फोडलेले दगड आणि काच अजून शिल्लक आहेत, पण बारीक करायचं मशीन युनिव्हर्सिटीला उन्हाळ्याची सुट्टी म्हणून बंद आहे. "अंकलना जर एवढं काम करायची हौस असेल तर त्यांनी माझ्याबरोबर ते कुटावेत," ती म्हणाली. "मी सांगेन तसं. आणि चाखायचं नाही."

"यल्ला," काका म्हणाले. म्हणजे, चला.

पुढचे काही दिवस शिफ्ट संपली की ते दोघं मागच्या खोलीत लोखंडी खलात दगड कुटत बसायचे. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. ती थोडं कुटून चाळायची, तपासायची आणि बहुतेक वेळा नाक मुरडून परत करायची. काका कुरकुरायचे. त्यांना तिचं सगळं पटत होतं, फक्त न धुणं पटत नव्हतं. काळपट धूळ कपड्यांवर, भुवयांवर, टेबलावर बसायची आणि त्यांचे हात नळाकडे जायला शिवशिवायचे. "अशी अंघोळीशिवायची माती आयुष्यात बघितली नाय," असं ते मला रोज सांगायचे. एकदा तिनं त्यांना मायक्रोस्कोपला बसवलं. आधी इथली वाळू दाखवली, मग तिची. काका बराच वेळ डोळा लावून बसले. उठताना म्हणाले, "हिला अजून कोणी हात नाय लावला."

नवी माती तयार झाली. आम्ही ती कोरडी चाळली, तोलली, आणि शिअर बॉक्समध्ये भरली. हा दोन भागांचा एक छोटा डबा असतो. वरून वजन ठेवायचं आणि खालचा भाग हळूहळू सरकवायचा; किती जोर लावल्यावर माती सरकते त्यावरून तिच्या अंगात किती ताकद आहे ते कळतं. इथली गुळगुळीत वाळू भराभर सरकते. ही हलेना. धारदार कण एकमेकांत अडकून बसले होते, काटा वर चढत गेला, चढत गेला आणि मग कुठे ती सरकली. मुलीनं फोनमध्ये खऱ्या चंद्राच्या मातीचे आकडे उघडून ठेवले होते. तिनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि खुर्चीत बसून घेतलं.

"अडून बसते," काका म्हणाले. "सरकतच नाय."

"कुणासारखी हो?" मी विचारलं. ते हसले. त्या प्रकारानंतर आम्ही पहिल्यांदाच एकमेकांशी नीट हसलो होतो.

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं. पहिला नमुना लॅबमध्ये धुतला गेल्यानं बाद झाला, दुसरा लॅबमध्ये पुन्हा तयार केला, त्याचे आकडे हे. त्याखाली सही केली आणि तो कागद घेऊन मॅनेजरांकडे गेले. वॉर्निंग द्यायचीच असेल तर दोन द्या, असं मी त्यांना सांगितलं. धुतली त्यांनी, पण लॅब माझी आहे. एक काकांच्या फाइलला लावा आणि एक माझ्या, आणि माझी मिळाली की मी दुसरीकडे अर्ज करायला मोकळी. लॅबच्या रिपोर्टवर माझ्या सहीशिवाय दुसऱ्या कुणाची सही चालत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते खूप बोलले. मीही कमी बोलले नाही. एवढं मी स्वतःच्या पगारवाढीसाठी कधी भांडलेले नाही. शेवटी त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "खलास. विषय संपला."

मुलीला टीममध्ये घेतलं. तिनं खजुराचा डबा आणून दिला, काकांना वेगळा. आणि त्यानंतर काही दिवसांनी एचआरमधून मेल आला, काकांचं रिन्यूअल मंजूर झालं होतं, पुढच्या दोन वर्षांसाठी. मला इतका आनंद झाला, की मेलची प्रिंट काढून मी स्वतः धावत मागच्या खोलीत गेले. काका चाळण्या घासत होते. मी कागद पुढे धरला. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, चष्मा लावून सावकाश वाचला, परत पहिल्यापासून वाचला. मग तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि त्याच खिशातून दुसरा कागद काढून माझ्या हातात दिला. तो राजीनामा होता. कुणाकडून तरी टाइप करून घेतलेला, तारखेची जागा रिकामी ठेवलेला.

"हे काय?"

"तारीख तुम्ही घाला, मॅडम. नोटीस पिरियड काय तो भरतो मी."

मला वाटलं ते रागावलेत, त्या ग्लासाचा राग अजून मनात आहे. मी म्हटलं, काका, झालं गेलं गंगेला मिळालं, मी त्या दिवशी नको ते केलं असेल. ते मान हलवत राहिले.

"तसा काय नाय. गेली चार वर्षां माका जावचा हा," ते म्हणाले. भांडणातसुद्धा ते माझ्याशी मालवणी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "घरवाली एकटी आसा. पण दरवेळी वाटायचा, पुढच्या वर्षी जाऊया. आणि मगे तुम्ही सांगितल्यात, माका काढतले म्हणान. तेव्हा माझो जीव उडालो. काढलेलो माणूस नि सोडून इलेलो माणूस, दोघांका गावात येगळो च्या नि येगळो मान मेळता."

"अहो, पण मी भांडले," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला तो आवरेना. "तुम्ही इथे राहावं म्हणून मी भांडले. माझी नोकरी पणाला लावली मी."

"म्हायत हा माका," काका म्हणाले. "तुम्ही भांडल्यात म्हणानच माका सोडूक गावला."

मी कागद टेबलावर ठेवला. पेन माझ्या कोटाच्या खिशात होतं, पण ते सापडायला वेळ लागला. मला त्यांचा राग आला होता आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं, ते मी पुसलं नाही. काका खुर्ची ओढून समोर बसले आणि मी सही करेपर्यंत थांबले. इथून कसं जायचं हे या माणसानं ठरवलेलं होतं आणि ते जपण्यासाठी तो शेवटपर्यंत अडून बसला होता. मी इथून कशी जाणार आहे, हे मला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलेलं नव्हतं. मी तारीख घातली आणि त्याखाली सही केली.